जुन्या स्पीकराचा जीर्णोद्धार



जुनी वस्तु दुरुस्त करणें आणि जुनी वस्तु सुधारणें हीं दोन कामें दिसावयास सारखीं, परंतु वस्तुतः फार भिन्न आहेत. पहिल्यास धीर लागतो. दुसऱ्यास ज्ञान लागतें. ज्याच्याजवळ या दोहोंपैकीं एकही नाहीं, तो जुनी वस्तु केवळ बिघडवितो. हें आम्ही पुस्तकांतून शिकलों नाहीं. दोन लांकडी पेट्यांनीं तें आम्हांस शिकविलें. त्या पेट्यांची हकीकत, तिच्या अनुषंगानें लाउडस्पीकराचें शास्त्र व त्याच्या दुरुस्तीची घरगुती रीत या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

शाळेंत आम्हांस पदार्थविज्ञान शिकविणारे गुरुवर्य सेवानिवृत्त होऊन बरींच वर्षें लोटलीं आहेत. त्यांच्या घरीं १९७० नंतरच्या दशकांतली स्पीकरांची एक जोडी होती. दर शनिवारीं दुपारीं ते आम्हां चार-पांच मुलांस घरीं बोलावीत, ग्रामोफोनची एक तबकडी लावीत, आणि ती संपेपर्यंत कोणासही बोलूं देत नसत. ऐकणें ही देखील एक विद्या आहे, हें आम्ही त्या खोलींत शिकलों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही त्यांच्या भेटीस गेलों तेव्हां त्या पेट्या कोपऱ्यांत धूळ खात पडल्या होत्या. “दोन पावसाळे झाले, नुसत्या खरखरतात,” सर म्हणाले. “ने घरीं. यांतून कांहीं निघतें का बघ. नाहीं निघालें तर भंगारवाल्याला दे; पण मला सांगूं नकोस.”

पेट्या घरीं आणिल्या, पुढचें जाळीदार कापड काढलें, आणि पाहतों तों मोठ्या शंकूभोंवतींचा फोमचा कांठ बोट लावतांच काळ्या चिकट चुऱ्यासारखा गळूं लागला. आम्हांस वाटलें, काळ पुढें गेला आहे, आतां याहून उत्तम साहित्य मिळतें. तर मग नुसती डागडुजी कां करावी? सुधारणाच करूं! आमच्या पुढील सर्व फजितीचें बीज या एका विचारांत होतें. ती फजिती सांगण्यापूर्वीं स्पीकराचें अंतरंग थोडें समजून घेऊं.

स्पीकर बोलतो कसा?

एक बळकट लोहचुंबक. त्याच्या दोन ध्रुवांमध्यें वाटोळी अरुंद फट. त्या फटींत तरंगत राहणारें बारीक तारेचें वेटोळें. आणि त्या वेटोळ्यास चिकटविलेला कागदी शंकू: स्पीकराचा सारा संसार एवढाच. तारेंतून वीज वाहूं लागली कीं चुंबकाच्या क्षेत्रांत वेटोळ्यावर बल उत्पन्न होतें. प्रवाह एका दिशेनें गेला तर शंकू पुढें येतो. उलट दिशेनें गेला तर मागें जातो. मूळ स्वर सेकंदास २५६ कंपनांचा असेल तर शंकूही सेकंदांत २५६ वेळां पुढें-मागें होतो आणि खोलींतील हवेंत तोच स्वर उमटतो. वेटोळें फटीच्या मधोमध राहावें म्हणून त्यास दोन आधार असतात. एक मागील बाजूस, नागमोडी घड्यांच्या कापडाचा. त्यास कारागीर स्पायडर म्हणतात. दुसरा पुढें, शंकूच्या परिघास जोडलेला लवचिक कांठ. त्यास सराउंड म्हणतात. वेटोळें व ध्रुव यांमधील अंतर एका मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढें असतें. म्हणून कांठ एका बाजूस जरासा ओढला गेला तरी वेटोळें घासूं लागतें.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडांत ऑलिव्हर लॉज यांनीं १८९८ सालींच हालत्या वेटोळ्याचें पेटंट घेतलें होतें. परंतु त्याला पुरेशी वीज पुरविणारा अँप्लिफायर तेव्हां जन्मास आला नव्हता. पुढें १९२५ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं शंकूच्या स्पीकरावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांतील रचना मूलतः आजवर चालत आली आहे. त्यानंतर दोनच वर्षांनीं, २३ जुलै १९२७ रोजीं, मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. म्हणजे आपल्याकडील रेडिओ व शंकूचा स्पीकर हे जवळजवळ समवयस्क होत.

आतां पेटी कशासाठीं? शंकू पुढें सरकला म्हणजे पुढची हवा दाबली जाते व त्याच क्षणीं मागची हवा विरळ होते. स्पीकर उघडाच ठेविला तर दाबलेली हवा कडेनें वळून मागची पोकळी भरून काढते, आणि खर्जाचे स्वर जन्मतांच मरतात. पुढची व मागची हवा एकमेकींपासून दूर ठेवणें हें पेटीचें पहिलें काम होय.

पेटीचें दुसरें काम एका शिक्षकानें शोधून काढलें, ही गोष्ट शाळेच्या अंकांत सांगावयास आम्हांस विशेष आनंद होतो. एडगर व्हिल्चर हे न्यूयॉर्क विद्यापीठांत ध्वनीच्या पुनरुत्पादनाचा विषय शिकवीत. त्या काळचे आधार ताठर असत. शंकू थोडा हालला तर ते नीट वागत, परंतु अधिक हालला कीं अडून बसत, आणि स्वर विकृत होई. व्हिल्चर यांनीं विचार केला कीं, आधार अगदीं सैल करावा आणि पेटी हवाबंद करावी. म्हणजे आंत कोंडलेली हवाच स्प्रिंगचें काम करील, आणि हवेची स्प्रिंग कापडाच्या स्प्रिंगेपेक्षां कितीतरी सरळ वागते. त्यांनीं एका तयार स्पीकराचा ताठर कांठ काढून त्या जागीं गादीच्या खोळीच्या कापडाचा सैल कांठ बसविला. या कामीं त्यांच्या पत्नीनें हात दिला. १९५४ सालीं त्यांनीं आपले विद्यार्थी हेन्री क्लॉस यांजसह मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील केंब्रिज येथें अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली, आणि कपाटांत मावेल एवढ्या पेटींतून खोल खर्ज ऐकूं येऊं लागला. पुढें १९६७ सालीं कंपनी विकून त्यांनीं आपलें लक्ष बहिऱ्यांच्या श्रवणयंत्रांकडे वळविलें आणि त्या शास्त्रांतही मोलाची भर घातली. आमच्या सरांची जोडी या बंद पेटीच्या जातीचीच होती. परंतु हें सर्व आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें.

काय झिजतें व काय टिकतें?

जुन्या स्पीकराचे सर्वच भाग सारख्या वेगानें म्हातारे होत नाहींत. फेराइटचें चुंबक पिढ्यान्‌पिढ्या टिकतें. त्याहून जुन्या स्पीकरांतील अल्निको धातूचें चुंबकही टिकतें. मात्र त्याचे भाग सुटे केले तर त्याचें बळ कमी होतें, म्हणून तें कधींही खोलूं नये. कागदाचा शंकू कोरडा राहिला तर दीर्घायुषी असतो. लांकडी पेटीचे सांधे उकलतात, पण ते सहज जोडतां येतात.

खरा अल्पायुषी भाग म्हणजे फोमचा कांठ. हा फोम पॉलियुरेथेनचा असतो, आणि हवेंतील ओल त्याच्या रेणूंच्या सांखळ्या हळूहळू तोडीत जाते. न वापरतां कपाटांत ठेविलेला फोमही असाच झडतो. साधारणतः पंधरा-वीस वर्षें ही त्याची मर्यादा. आपल्याकडील पावसाळा, विशेषतः कोंकणपट्टींतला, हें काम अधिकच लवकर उरकतो. रबरी कांठ किंवा लेप दिलेल्या कापडाचा कांठ याहून पुष्कळ अधिक टिकतो.

दुसरा अल्पायुषी भाग पेटीच्या पोटांत असतो. खर्जाचे स्वर मोठ्या वूफराकडे व तीव्र स्वर लहान ट्विटराकडे वांटून देणाऱ्या मंडलास क्रॉसओव्हर म्हणतात. त्यांतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कालांतरानें सुकतात व आपलें मूळ माप सोडतात. तिसरा भाग, ट्विटराचा आवाज कमी-अधिक करण्याची फिरती कळ. तिच्या आंतील धातूवर गंज चढतो, आणि ट्विटर अर्धवट किंवा पूर्ण मुका होतो. पुष्कळ लोक अशा वेळीं ट्विटर जळाला असें समजून तो फेंकून देतात; बिचारा निर्दोष असतो.

आधीं परीक्षा

वैद्य नाडी पाहिल्यावांचून औषध देत नाहीं. स्पीकराची नाडी पाहण्यास मोठी साधनें लागत नाहींत. प्रथम अँप्लिफायर बंद करून तारा सोडाव्या. दोन्ही हातांचीं बोटें शंकूवर सर्व बाजूंनीं सारखीं टेकवून तो अलगद आंत दाबावा. घासल्याचा आवाज आला तर वेटोळें मधोमध नाहीं. पेटी बंद जातीची असेल व कांठ शाबूत असेल तर सोडलेला शंकू सावकाश परत येतो. एकदम परत आला तर पेटींतून हवा कोठें तरी निसटते आहे असें समजावें.

नंतर वूफराच्या तारा सोडवून मल्टिमीटरनें त्याचा अवरोध मोजावा. ८ ओहमच्या स्पीकराचा आंकडा बहुधा ६ ते ७ च्या दरम्यान येतो, कारण ८ हा आंकडा बदलत्या प्रवाहासाठीं असतो. आंकडा मुळींच आला नाहीं तर वेटोळें तुटलें आहे. तें काम वेटोळीं गुंडाळणाऱ्या कारागिराचें. त्यानंतर दीड व्होल्टचा साधा सेल वूफरास क्षणभरच लावावा. धन टोंक लाल खुणेस लाविलें असतां शंकू पुढें आला पाहिजे. दोन स्पीकरांपैकीं एकाची जोडणी उलटी झाली तर एक हवा दाबतो तेव्हां दुसरा ती ओढतो, आणि खर्ज नाहींसा होतो. जेबीएल कंपनीच्या पुष्कळ जुन्या स्पीकरांत हा संकेत उलटा होता, म्हणून खूण पाहून भागत नाहीं, प्रत्यक्ष पाहावें.

कांहींही सोडण्यापूर्वीं प्रत्येक तारेचा रंग, प्रत्येक भागाची जागा व त्यावरील आंकडे वहींत लिहून घ्यावे, छायाचित्रही काढावें. आपली स्मरणशक्ति चांगली आहे असें ज्यास वाटतें, त्यानें तर अवश्य लिहावें.

आमची फजिती

ही परीक्षा आम्हीं मोठ्या शिस्तीनें केली, आणि मग ती बाजूस ठेवून उजवी पेटी सुधारावयास घेतली. फोम पुन्हां झडेल म्हणून जाड रबराचा कांठ आणिला व तो अत्यंत कठीण बनणाऱ्या डिंकानें कायमचा बसविला. जुन्या कपॅसिटराच्या जागीं नवा, महाग, फिल्मचा कपॅसिटर बसविला. गंजलेली कळ घांसून स्वच्छ केली, आणि पूर्वीं फारच कमी ऐकूं येई म्हणून ती शेवटपर्यंत वाढवून ठेविली. हल्लींच्या पुष्कळ स्पीकरांस पुढें एक वाटोळें भोंक असतें व त्यांचा खर्ज दणदणीत वाटतो, म्हणून सुताराकडून पेटीच्या पुढील फळीस तसेंच भोंक पाडून घेतलें. सर्व जोडून लाविलें तेव्हां आवाज मोठा, चमकदार व नवा वाटला. आम्ही ती पेटी घेऊन तडक सरांच्या घरीं गेलों.

सर त्यांच्या नेहमींच्या खुर्चीवर बसले. तबकडी सुरू झाली. दोन मिनिटांनीं त्यांनीं हात कानाकडे नेला, आपलें श्रवणयंत्र चांचपलें आणि म्हणाले, “काय रे, हें माझ्या कानांतलें यंत्र ओरडतें आहे, कीं तुझा डबा?” आम्ही निरुत्तर झालों. मग त्यांनीं वर्गांत विचारीत त्याच स्वरांत विचारलें, “मूळचा कांठ इतका मऊ कां ठेवला होता, तें पाहिलेंस का?”

तें आम्हीं पाहिलें नव्हतें. व्हिल्चर यांची वर दिलेली हकीकत त्या दुपारीं प्रथम सरांच्या तोंडून ऐकिली. घरीं येऊन कागदावर गणित मांडलें, तेव्हां एकेक सुधारणा उघडी पडली.

स्पीकराची स्वाभाविक कंपनसंख्या आधाराचा ताठरपणा भागिलें वजन यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असते. समजा, वूफराची कंपनसंख्या पेटीबाहेर २२ व बंद पेटींत ४४ आहे. संख्या दुप्पट झाली, म्हणजे ताठरपणा चौपट झाला: एक भाग कांठाचा व स्पायडरचा, तीन भाग कोंडलेल्या हवेचे. आतां जाड रबरानें त्या एका भागाचे तीन भाग केले, तर एकूण चाराचे सहा झाले. सहास चारानें भागून वर्गमूळ काढिलें तर सुमारें १.२२ येतें, आणि ४४ ची संख्या ५४ वर जाते. अर्थात्‌ खालचा सर्वांत खोल खर्ज आम्हीं आपल्या हातानें कापून टाकिला होता. व्हिल्चर यांनीं ताठर कांठ काढून सैल बसविला. आम्हीं सैल काढून ताठर बसविला! काम तेंच, दिशा मात्र उलटी.

भोंकाची गोष्ट याहून वाईट. ज्या स्पीकराचा आधार सैल आहे, त्याची खरी स्प्रिंग म्हणजे आंतली हवा; भोंक पाडतांच ती स्प्रिंग निसटली. भोंकाच्या पेट्या चांगल्या नसतात असें नाहीं. परंतु त्यांचें भोंक, त्यांतील नळीची लांबी, पेटीचें आकारमान व वूफराचे गुण यांचा मेळ आधीं गणितानें घालावा लागतो. ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील यांनीं १९६१ सालीं व पुढें रिचर्ड स्मॉल यांनीं १९७० नंतरच्या दशकांत हें गणित मांडून दिलें आहे. बंद पेटीचा खर्ज आपल्या सीमेखालीं एका सप्तकास १२ डेसिबेल या वेगानें उतरतो, तर भोंकाच्या पेटीचा २४ डेसिबेलनें. आणि त्या सीमेखालीं शंकूस आवरणारें कोणीच नसल्यानें तो नुसता फडफडतो. आमचा दणदणाट म्हणजे बहुतांशीं ही फडफड होती.

राहतां राहिला ट्विटरचा कर्कशपणा. त्याच्या मार्गांत एकच कपॅसिटर असेल तर स्वरांच्या वांटणीची सीमा काढण्याचें सूत्र सोपें आहे: एकास दोन पाय, अवरोध व धारकता यांच्या गुणाकारानें भागावें. ८ ओहमचा ट्विटर व ८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर सीमा सुमारें २५०० कंपनांवर येते. कपॅसिटर वयोमानानें १२ मायक्रोफॅरड झाला तर तीच सीमा सुमारें १६५० वर उतरते, आणि नाजूक ट्विटरवर नको तो भार पडतो. तेव्हां कपॅसिटर बदलणें योग्यच होतें. आमची चूक अशी कीं, जुन्या कपॅसिटराच्या अंगीं थोडा अवरोध असतो व तो धरूनच मूळ कारागिरानें आवाजाचा तोल राखलेला असतो, हें आम्हीं लक्षांत घेतलें नाहीं. फिल्मच्या कपॅसिटरांत तो अवरोध जवळजवळ नसतो. त्यांत कळही पूर्ण वाढवून ठेविलेली. मग डबा ओरडेल नाहीं तर काय?

दुरुस्तीची खरी रीत

डावी पेटी आम्हीं आतां नुसती दुरुस्त करावयाची असें ठरविलें. ती रीत येथें क्रमानें देतों.

वूफराचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीनें सैल करून तो बाहेर काढावा. आंत कांचेचा कापूस भरलेला असेल तर हातमोजे घालावे व नाकातोंडास फडकें बांधावें. तो कापूस आवाजाच्या हिशेबांतला आहे. जितका निघेल तितकाच परत भरावा. कुजलेला फोम बोथट सुरीनें खरवडावा. लोखंडी चौकटीवरील जुना डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानें पुसावा. कागदी शंकूवर मात्र तें फार थोडें वापरावें.

नवा कांठ विकत घेतांना “बारा इंची द्या” एवढें म्हणून भागत नाहीं. चौकटीचा बाहेरील व आंतील व्यास, शंकूचा व्यास, आणि कांठाच्या गोल वळीची रुंदी, हीं चारही मापें जुळलीं पाहिजेत. मूळ कांठ फोमचा असेल तर फोमच घ्यावा. तो पुनः कांहीं वर्षांनीं झडेल, झडूं द्यावा. दर वीस वर्षांनीं कौलें चाळणारा मनुष्य घर मूर्खपणानें बांधलें होतें असें म्हणत नाहीं.

कांठ प्रथम शंकूस चिकटवावा, आणि तो पूर्ण वाळेपर्यंत चौकटीस हात लावूं नये. पांढरा, वाळल्यावर लवचिक राहणारा व काढतां येणारा डिंक उत्तम. दुसऱ्या दिवशीं कांठाची बाहेरील बाजू चौकटीस चिकटवितांना वेटोळें मधोमध आणावयाचें असतें. हाच सर्व कामाचा कळसाध्याय होय. त्याच्या दोन रीती आहेत. शंकूच्या मधली टोपी कापून वेटोळ्याच्या आंत पातळ पट्ट्या खोंचाव्या, ही एक. आणि अँप्लिफायरवरून सेकंदास ३० कंपनांचा स्वर अगदीं हळू सोडून, कांठ बोटांनीं किंचित्‌ इकडेतिकडे सरकवीत, घासण्याचा आवाज पूर्ण थांबेल तेथें तो स्थिर करावा, ही दुसरी. आम्हीं दुसरी पत्करली, कारण तींत कांहींही कापावें लागत नाहीं. असा स्वर आजकाल मोबाइलवरूनही काढतां येतो. चौकटीभोंवतीं कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावून चोवीस तास काम तसेंच राहूं द्यावें.

कपॅसिटर बिनध्रुवी जातीचा व मूळ मापाचाच घ्यावा. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यास तपकीर गल्लींत शोधल्यास मिळतो. फिल्मचा घेतल्यास त्याच्या ओळींत अर्ध्या ओहमच्या आसपासचा लहान रेझिस्टर घालून ऐकून पाहावें. डाख देतांना खिडकी उघडी ठेवावी. शेवटीं वूफराच्या चौकटीखालीं नवी मऊ पट्टी बसवून पेटी हवाबंद करावी, आणि शंकू दाबून तो सावकाश परत येतो याची खात्री करावी.

एक इशारा येथें दिलाच पाहिजे. व्हॉल्व्हच्या फार जुन्या रेडिओंतील कांहीं स्पीकरांत कायमचें चुंबक नसून विद्युच्चुंबक असतें, व त्यांतून शेंकडों व्होल्टची वीज खेळते. वीज बंद केल्यावरही ती आंत सांठून राहते. अशा यंत्रास जाणत्या माणसावांचून हात लावूं नये.

सुधारणा केव्हां करावी?

तर मग फेरफार कधींच करूं नये काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. व्हिल्चर यांचा शोध हा एक फेरफारच होता. फरक इतकाच कीं, जें त्यांनीं काढून टाकलें तें कशासाठीं होतें हें त्यांस पक्कें ठाऊक होतें, आणि तें काम पुढें कोण करील याची योजना त्यांनीं आधींच केली होती. या अनुभवावरून आम्हीं स्वतःसाठीं चार नियम केले आहेत. प्रथम मूळ स्थितींत आणावें व महिनाभर ऐकावें. फेरफाराचा विचार त्यानंतर. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, नाहींतर गुण कोणाचा व दोष कोणाचा हें कळत नाहीं. जें कराल तें जोडींतील दोन्ही स्पीकरांस सारखें करावें. आणि जें पुनः पूर्ववत्‌ करतां येईल तेवढेंच करावें. गंजलेल्या कळीच्या जागीं त्याच कामाची नवी कळ, तारा जोडण्यास बळकट टोंकें, फाटक्या जाळीच्या जागीं तितकेंच विरळ कापड, पेटीच्या पायांखालीं रबर: हे फेरफार कोणाचेंही नुकसान करीत नाहींत.

आतां उजव्या पेटीचें काय झालें तें सांगून हा लेख पुरा करूं. भोंकांत त्याच जाडीच्या लांकडाचा गोल तुकडा डिंकानें पक्का बसविला. रबराचा कांठ काढतांना त्या कठीण डिंकानें शंकूची कागदी कड दोन ठिकाणीं ओरबाडून घेतली. तेथें पतंगाच्या कागदाचीं ठिगळें पातळ केलेल्या पांढऱ्या डिंकानें लाविलीं, आणि मग डावीप्रमाणेंच फोमचा कांठ बसविला. कपॅसिटराच्या ओळींत लहान रेझिस्टर घातला, कळ मध्यावर आणिली. दोन्ही पेट्या आम्हीं एका शनिवारीं सरांच्या खोलींत पूर्वींच्याच जागीं नेऊन ठेविल्या.

सरांनीं स्वतः तबकडी पुसली व लाविली. आम्ही सवयीनें जमिनीवर बसलों. तबकडी संपेपर्यंत कोणी बोललें नाहीं. सुई उचलून ठेवल्यावर ते म्हणाले, “ठीक आहे. पण उजवीकडे तबल्याच्या बोलाला कांहीं तरी कणी लागते.” ती जागा ठिगळांची होती. आम्हीं तें कबूल केलें. “असूं दे,” सर म्हणाले. “पुढच्या वेळीं दुसरी बाजू ऐकूं.”

त्या दोन्ही पेट्यांच्या आंत, मागील फळीस, आम्हीं एकेक कागद चिकटविला आहे. त्यावर कोणत्या तारखेस काय बदललें, कपॅसिटराचें माप काय, तारेचे रंग कोणते, हें सर्व लिहिलें आहे. उजव्या पेटींतील कागदावर भोंक व ठिगळें कोणाच्या उतावळेपणामुळें झालीं तेंही लिहिलें आहे. पंधरा-वीस वर्षांनीं हा फोम झडेल, आणि कोणी तरी ती पेटी पुनः उघडील. त्या वेळीं तो उघडणारा तुमच्यापैकीं एखादा असला, तर त्यानें तो कागद आधीं वाचावा, आणि आपलें काम झाल्यावर त्याखालीं आपलें लिहावें, एवढीच विनंती.